काळा घोडा आणि पिवळी पाटी

बेळगावात आमच्या दुकानाचा पत्ता विचारणारे लोक दुकानाचं नाव कधी घेत नाहीत. खेड्यावरून पोराला वह्या घ्यायला आलेली बाई असो, नाहीतर पावतीपुस्तकं न्यायला आलेला सोसायटीचा शिपाई असो, बाजारात शिरल्यावर विचारणार ते एकच : ‘‘पिवळ्या पाटीचं दुकान कुठलं हो?’’ आणि कोपऱ्यावरचा बांगडीवाला आमच्या दुकानाकडे बोट दाखवणार. यात गंमत अशी, की २००४ सालापासून पुढं वीस वर्षं आमच्या दुकानावर पिवळी पाटी नव्हतीच. निळं फ्लेक्स होतं. ते उन्हानं राखी झालं, की मी दुसरं निळं आणून लावत असे. लोक त्या निळ्या फ्लेक्सखाली उभे राहून विचारत, ‘‘पिवळ्या पाटीचं दुकान हेच न्हवं?’’ आणि मी ‘‘हेच की’’ म्हणत असे. एवढ्या वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते वाटलं मुंबईत, एका घोड्यापाशी.

पण त्याआधी पेंटरबद्दल सांगायला हवं. पेंटर माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र. त्याला सारं गाव पेंटर म्हणतं, त्याची बायकोही म्हणते, तेव्हा मीही इथं तेवढंच म्हणतो. १९७९ साली पाडव्याला मी दुकान काढलं, तेव्हा पाटी त्यानं रंगवली. सहा फूट लांब, अडीच फूट उंच पत्रा. त्यावर आधी लाल ऑक्साईडचा हात, मग पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात. अक्षरं तांबडी, त्यांना काळी शेड. वरच्या ओळीत मराठी, खालच्या ओळीत कन्नड, दोन्ही अगदी सारख्या उंचीची. खडू लावलेली दोरी त्यानं माझ्या हातात एका टोकाला दिली, दुसरं टोक स्वतः धरलं, मधे चिमटीनं ओढून सोडली, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. मग डाव्या हातात काठी आडवी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं, आणि खारीच्या केसांचा चपटा ब्रश. तो मला सांगत असे, ‘‘मराठी अक्षर दोरीला धुणं वाळत घातल्यासारखं असतंय बघ, वरून लोंबतंय. कन्नड अक्षर फळीवर मडकी मांडल्यासारखं. बसतंय. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली टोपी.’’ कन्नड तो आधी रंगवायला शिकला आणि वाचायला नंतर. पैशांचं विचारलं, तर म्हणाला, ‘‘पहिल्या महिन्याचा गल्ला बघून सांगतो.’’ तो आकडा त्यानं आजतागायत सांगितलेला नाही.

१९८६ साली भाषेवरून आमच्या गावात काय काय झालं, ते या अंकाच्या वाचकांना मी नव्यानं सांगायला नको. त्या दिवसांत एका रात्री कुणीतरी पाटीच्या खालच्या ओळीला डांबर फासलं. महिनाभर गेला न गेला तोच दुसऱ्या कुणीतरी वरच्या ओळीला फासलं. दोन्ही वेळा पेंटर सकाळी सहाला शिडी, घासलेटची बाटली आणि चिंध्या घेऊन हजर. पुसता पुसता एवढंच म्हणाला, ‘‘वार्निशचा हात मारलो होतो, म्हणून वाचलं.’’

आणि २००४ साली, दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, ही पाटी मी उतरवली. मुलगा नुकता गल्ल्यावर बसू लागला होता. फ्लेक्स दोन तासांत छापून मिळतं, त्यावर सरस्वतीचा फोटो येतो, अर्धा खर्च जाहिरातीच्या बदल्यात पेनवाले देतात, हा त्याचा हिशेब बिनचूक होता. पेंटरला आधी सांगायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता फ्लेक्स चढलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा खडूची पेटी न्यायला आला. वर बघितलं. म्हणाला, ‘‘झ्याक झालंय, मालक.’’

तोवर तो मला बाळ्या म्हणत असे. त्या दिवसापासून मी मालक झालो. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीचा फराळ दोन्हीकडून चालू, दुखण्याखुपण्याला येणं-जाणं चालू. फक्त मालक. तोवर त्याचा धंदाही बसत चालला होता. पाट्या गेल्या, भिंतीवरच्या जाहिराती गेल्या, शेवटी मोटारींच्या नंबरप्लेटी आणि गणपतीच्या मंडपाचे पडदे तेवढे राहिले. त्यात माझ्या पाटीचा वाटा केवढासा, अशी मी मनाची समजूत घालत असे.

२०२३च्या फेब्रुवारीत आमच्या तिसऱ्या मित्राच्या, डोंबिवलीकराच्या, धाकट्या मुलाचं लग्न होतं. हा १९७४ साली नोकरीला म्हणून मुंबईस गेला तो तिकडचाच झाला. फोर्टात एका कचेरीत त्याचा सारा जन्म गेला. लग्नाला आम्ही दोघं रात्रीच्या बसनं गेलो. बरोबर कुंद्याचे चार डबे. लग्न झालं, मांडव उतरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीकर म्हणाला, ‘‘चला, आज काळ्या घोड्याला जाऊ. रस्त्यावर मेळा असतो. पेंटरला दाखवायचाय.’’

‘‘मी मुंबई बघितलो आहे की,’’ पेंटर म्हणाला.

‘‘‘बघितलो’ नाही रे, ‘बघितली’. पन्नास वर्षं झाली, अजून तुमचं ‘मी केलो, मी गेलो’ सुटत नाही!’’

‘‘का सोडू? तुला कळलं न्हवं मी काय म्हटलो ते?’’

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, हे एक नवलच. डोंबिवलीकर वाटभर मेळ्याची कुळकथा सांगत होता. पहिला मेळा १९९९ साली भरला, तेव्हा तो दुपारच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तिथं जात असे. वर्षातून नऊ दिवस जहांगीर आर्ट गॅलरीशेजारचा रस्ता वाहनांना बंद करतात आणि चित्रकार, नाचणारे, नाटकवाले, वाद्यं वाजवणारे, हातकामाच्या वस्तू विकणारे सारे रस्त्यावर येतात. तिकीट नाही. करोनामुळे मधे खंड पडला होता. ४ फेब्रुवारीपासून तो पुन्हा उभा राहिला होता. ‘‘हॉलमधल्या चित्रांपुढं माणूस घाबरतो,’’ डोंबिवलीकर म्हणाला, ‘‘रस्त्यावर घाबरत नाही. मी स्वतः गॅलरीची पायरी चढलो तो या मेळ्यानंतर. पंचवीस वर्षं रोज समोरून जात होतो बघ!’’

स्टेशनातून चालत निघालो. हुतात्मा चौकात आम्ही थांबलो. आम्ही सीमाभागातली माणसं. त्या मशालवाल्या शेतकरी-कामगारांपुढं पाय आपोआप थांबतात. पेंटरनं चप्पल काढली, हात जोडले. पाठीमागून एक टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, तोही क्षणभर गप्प झाला. का ते ठाऊक नाही.

पुढं एस्प्लनेड मॅन्शन लागलं. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. सांगाडा सगळा बिडाचा, विलायतेत ओतून इथं आणून जोडलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे हलते चित्रपट हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले, ते इथं. आता इमारत रिकामी, मोडकळीला आलेली. पेंटरनं उमेदीच्या काळात आमच्या गावच्या थिएटरांसाठी सिनेमाचे फलक रंगवलेले. तो मान मागं टाकून त्या गंजक्या सज्ज्यांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘त्या पहिल्या खेळाचा बोर्ड कुणी रंगवला असंल गा?’’ ल्युमिएर बंधूंचं नाव सर्वांना पाठ असतं. हा प्रश्न मी तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

घोडा दिसला. काळाभोर, ऐटीत उभा, पाठीवर कुणी नाही. मी आपला विचारलं, ‘‘ब्रिटिशांच्या वेळचा काय रे हा?’’

डोंबिवलीकर हसला. ‘‘फसलास. हा २०१७ सालचा. श्रीहरी भोसल्यांनी घडवलेला.’’ मग त्यानं सगळं सांगितलं. इथं खरंच एक पुतळा होता. राजा सातवा एडवर्ड, तेव्हाचा युवराज, काळसर धातूच्या घोड्यावर बसलेला. समोर ज्यांच्या नावाची लायब्ररी आहे त्या डेव्हिड ससून यांच्या मुलानं, आल्बर्ट ससून यांनी, तो १८७९ साली शहराला दिला. राजाचं नाव लोकांनी घेतलं नाही, घोड्याचं घेतलं. १९६५ साली पुतळा उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेला. इथं उरली मोटारी लावायची मोकळी जागा.

‘‘म्हणजे पासष्टपासून सतरापर्यंत,’’ पेंटरनं बोटं मोजली, ‘‘बावन्न वर्षं घोडा न्हवताच. आणि लोक काळा घोडा म्हणत होते?’’

‘‘मग दुसरं काय म्हणणार? टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ सांगितलं, की तो बरोबर इथं आणून सोडायचा. कुणी विचारलं नाही, घोडा कुठाय म्हणून.’’

पेंटर घोड्याच्या पायाकडे बघत होता. माझ्याकडे बघत नव्हता. ‘‘बरोबर हाय,’’ एवढंच म्हणाला. मला मात्र बांगडीवाल्याचं बोट आठवलं, निळं फ्लेक्स आठवलं, आणि एकाएकी ऊन फार झालं असं वाटायला लागलं.

मेळ्याचं सगळंच वर्णन करत बसत नाही. रस्त्याचं नाव रॅम्पार्ट रो. किल्ल्याचा तट होता तिथं, तो गेला आणि नाव राहिलं. (त्या भागात हे फारच.) कापडी फितींच्या कमानी, भंगारातून केलेला माणसाहून उंच पक्षी, त्याच्यापुढं मोबाईल धरून उभी राहिलेली कॉलेजची मुलंमुली. पक्ष्याकडे पाठ करूनच सगळे पक्षी बघत होते. एका कोपऱ्यात डफ आणि हलगी वाजत होती. तिथं मात्र गर्दीचे पाय खरे हलत होते. डोंबिवलीकर प्रत्येक दाराशी थांबून इथं काय होतं ते सांगत होता : इथं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांचं दुकान, २०१६ साली बंद, इथं जहांगीरमधलं समोवार, २०१५ साली बंद. ‘‘आणि त्या तिथं वेसाइड इन. अरुण कोलटकर बसायचे.’’

‘‘कोण?’’ पेंटरनं विचारलं.

‘‘कवी. कोल्हापूरचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. गुरुवारी दुपारी मित्रांबरोबर तिथं बसत. समोर दिसणाऱ्या या चौकावर त्यांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक आहे, २००४ सालचं. त्याच वर्षी गेले. मराठीतही लिहीत आणि इंग्रजीतही.’’

‘‘दोन्ही भाषेत? मग दोन्हीकडून डांबर बसलं असंल,’’ पेंटर म्हणाला. आम्ही तिघंही रस्त्यात उभे राहून इतके हसलो, की पोलीस बघायला लागला.

जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर बारा महिने चित्रं मांडलेली असतात, आणि दहा मिनिटांत समोरच्याचा चेहरा पेन्सिलीनं उतरवणारे बसलेले असतात. पेंटर एकाच्या मागं जाऊन उभा राहिला. चेहरा पुरा होईपर्यंत हलला नाही. ‘‘नाक आधी घेतो तो,’’ म्हणाला. ‘‘के. बी. सर डोळे आधी घ्यायचे म्हणत.’’ बेळगावच्या के. बी. कुलकर्णींकडे लहानपणी तो काही दिवस जात असे. रवी परांजपे ज्यांच्या हाताखाली घडले, तेच के. बी. परांजपे बेळगावातून निघाले आणि जगभर नाव करून २०२२च्या जूनमध्ये गेले. पेंटरचे वडील अकाली वारले, तेव्हा त्याचं चित्र शिकणं सुटलं आणि ब्रश पाट्यांकडे वळला. गॅलरीत आम्ही तासभर हिंडलो. तो चित्रांच्या कडा बघत होता, चौकटीच्या आत रंग कसा संपवलाय ते. एकदा मात्र हळूच मला म्हणाला, ‘‘१९५२ सालापासून हाय ही इमारत. म्हणजे आपल्यापेक्षा एक वर्षानं थोरली.’’ या वाक्यात काय होतं ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

जेवण उडप्याकडे झालं. तिथं पेंटरनं वाढप्याशी कन्नडमधून बोलून तिघांना जास्तीचं सांबार मिळवलं, ही त्या दिवसातली मुंबईवरची आमची पहिली चढाई.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला, उन्हं कलत असताना, आम्ही एका स्टॉलपाशी आलो आणि पेंटरचे पाय थबकले. एक पंचविशीची मुलगी आणि तिचा जोडीदार हातानं रंगवलेल्या पाट्या विकत होते. घरावर लावायच्या नावांच्या पाट्या, ट्रकवर असतात तशी नक्षी काढलेल्या किटल्या, ‘इथे चहा मिळेल’ असं लिहिलेला छोटा पत्रा. पत्र्याला जुनाट दिसावं म्हणून मुद्दाम गंजाचा रंग दिलेला. खाली किंमत : १८०० रुपये.

पेंटरनं ती पाटी हातात घेतली. उलटी करून पाठ बघितली. नखानं कोपरा खरवडला. मला वाटलं, आता याला वाईट वाटणार. याचं जे पोट होतं, ते इथं शोभेची वस्तू झालंय, आणि तेही याच्या चौपट भावानं. मी त्याच्या कोपराला धरून पुढं न्यायला बघितलं. तो हलला नाही.

‘‘पोरी,’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्या मुंबईत सूर्य दोन हायत काय?’’

‘‘म्हणजे काय, काका?’’

‘‘हे बघ. ‘च’ची सावली उजवीकडं पडलीय आणि ‘ह’ची डावीकडं. उजेड एकाच बाजूनं येतोय न्हवं? बोर्ड करायच्या आधी सूर्य कुठं ते ठरवायचं. मग हात सुटायचा नाही.’’

मुलगी आधी गोरीमोरी झाली. मग तिनं पाटी त्याच्या हातून घेऊन लांब धरली, डोळे बारीक केले, आणि मोकळेपणी हसली. ‘‘दीड वर्ष झालं, कुणी सांगितलं नाही! तुम्ही पेंटर आहात?’’

‘‘होय,’’ तो म्हणाला. ‘‘होतो’’ म्हणाला नाही.

तिनं कोरा पत्रा पुढं केला, ब्रश पुढं केले. त्यानं ते अंगठ्यावर घासून बघितले, दोन नापसंत केले, तिसरा ठेवला. रंग पाण्याचा होता, त्याबद्दल काहीतरी पुटपुटला. काठी मागितली, त्यांच्याकडे नव्हती, तेव्हा डोंबिवलीकराची छत्री डाव्या हातात आडवी धरली. दोरी नव्हतीच. नजरेनंच रेघ ठरवली.

त्याचा हात सकाळी थोडा कापतो, चहा होईपर्यंत. हे मला माहीत होतं आणि मी श्वास रोखून उभा होतो. ब्रश पत्र्याला लागला आणि कापरं कुठं गेलं कोण जाणे. एका ओढीत काना, एका वळणात ‘ब’चं पोट. त्यानं लिहिलं : बेळगाव. आणि त्याच्याखाली, तेवढ्याच उंचीचं, तेच नाव कन्नडमध्ये. गोल, टोप्या घातलेली चार मडकी. मग दोन्ही ओळींना सावली, एकाच सूर्याची.

गर्दी जमली होती. मोबाईल वर झाले होते. मागून एका मुलानं विचारलं, ‘‘खालची तेलुगू का हो?’’

पेंटरनं मान वर न करता सांगितलं, ‘‘आमच्या गावची हाय.’’

‘‘कुठली पण भाषा?’’

‘‘दोन्ही,’’ पेंटर म्हणाला.

मुलीनं तो पत्रा दोन्ही हातांत धरला होता, ओल्या रंगाला बोट न लावता. म्हणाली, ‘‘काका, हा मी विकणार नाही, माझ्याजवळ ठेवू का? किती देऊ?’’ आणि पाचशेची नोट काढली. मला वाटलं, तो नको म्हणेल. कुणीही सभ्य गृहस्थ नको म्हणाला असता. पेंटरनं अक्षरं मोजली. ‘‘चार आणि चार आठ. माझा भाव अक्षराला वीस रुपये. एकशेसाठ झाले.’’ सुटे कुणाकडेच नव्हते. शेवटी डोंबिवलीकरानं शेजारच्या सरबतवाल्याकडून नोट मोडून आणली, आणि पेंटरनं तीनशेचाळीस रुपये मोजून त्या मुलीच्या हातावर ठेवले. मग खिशातून कुंद्याचा उरलेला तुकडा कागदासकट काढून तिला दिला. ‘‘ह्याचे पैसे नाहीत,’’ म्हणाला.

संध्याकाळी जहांगीरच्या पायऱ्यांवर आम्ही टेकलो. दिवे लागले होते, गर्दी अशी वाढली होती की रस्ता डोक्यांचाच दिसत होता. डोंबिवलीकर चहा आणायला गेला. पेंटर बोटांना लागलेला तांबडा रंग नखानं काढत होता.

‘‘मालक,’’ तो म्हणाला, ‘‘एक विचारू काय?’’

‘‘विचार की.’’

‘‘तो पत्रा भंगारात घातलास काय?’’

कुठला पत्रा, असं मी विचारलं नाही. एकोणीस वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो, तो इतक्या साध्या आवाजात येईल असं वाटलं नव्हतं. खरं ते सांगितलं : ‘‘नाही. मागं न्हाणीच्या छपरावर घातलाय. पावसाचं गळत होतं.’’

सांगताना लाज वाटली. भंगारात घातला असता तर बरं, असंही वाटून गेलं. बेळगावचा पाऊस वाचकांना माहीत आहे.

पेंटरनं थोडा विचार केला. ‘‘उताणा घातलास की पालथा?’’

मला आठवावं लागलं. गवंड्यानं पत्रा वर चढवला तेव्हा खालून न्हाणीत उभा राहून मी वर बघितलं होतं, आणि तांबडी अक्षरं उलटी दिसली होती. ‘‘पालथा. अक्षरं खाली.’’

‘‘मग हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पालथा असला तर हाय.’’

‘‘तेव्हा तुला आधी सांगायला हवं होतं मी.’’

‘‘होय की. सांगायला हवं होतं.’’

तेवढ्यात चहा आला. ‘‘काय चाललंय?’’ डोंबिवलीकरानं विचारलं. ‘‘काय नाही, पत्र्याचं बोलत होतो,’’ पेंटर म्हणाला आणि चहा बशीत ओतायला बशी नाही म्हणून कुरकुरला.

परत आल्यावर पुढच्या रविवारी तो शिडी घेऊन आला. पत्रा उतरवला. चारी कोपऱ्यांची भोकं गंजानं मोठी झाली होती, वरच्या बाजूला ओलीचे नकाशे उमटले होते, एका ‘य’मध्ये गांधीलमाश्यांनी मातीचं घर केलं होतं. त्यानं ते घर काढलं, चिंधी घासलेटात भिजवून फिरवली, आणि पिवळा वर आला. लोण्यासारखा नाही, हळदीच्या जुन्या डागासारखा; पण पिवळाच. पाटी आता गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे. बाहेर लावायची माझी इच्छा होती. नको म्हणाला, भोकं धरणार नाहीत.

२०२४ साली आमच्या राज्यात कायदा झाला, की दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवं आणि तेही वरच्या भागात. बाजारात सगळ्यांची धावपळ उडाली. कोण काय म्हणालं, कोण कुणावर चिडलं, ते लिहून हा लेख लांबवत नाही. माझा मुलगा फ्लेक्सवाल्याला फोन करायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि पेंटरच्या घरी गेलो. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता. त्याला कायदा सांगितला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘‘साठ टक्के कशाचे गा? उंचीचे की रुंदीचे?’’

नवा पत्रा आणला. तेवढ्याच मापाचा. दोन हात पिवळे बसले, वाळले. तीस इंचांतले अठरा वर, बारा खाली, असा त्यानं खडूनं हिशेब मांडला आणि मागं सरून बघत उभा राहिला. मी म्हटलं, ‘‘बारा इंचांत मराठी जरा दबतंय की.’’

‘‘बसतंय. दोरीला लोंबणारं अक्षर ते, त्याला जागा लागत नाही,’’ तो म्हणाला. मग खिशातून खडूची दोरी काढून एक टोक माझ्याकडे फेकलं. ‘‘धर बाळ्या. ताठ धर. मागच्या वेळी ढिली सोडली होतीस.’’